शनिवारची शर्यत नक्की कोणाची? नॅसकारच्या खालच्या सीरिजमध्ये कप ड्रायव्हर्सची दादागिरी

पश्या_सांगली

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेट, फुटबॉल, एफ-वन सगळ्यांचे धागे आहेत पण नॅसकारवर, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगवर, कोणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. युट्यूबवर नॅसकारवाल्यांनी स्वतःच जुन्या शर्यती पूर्णच्या पूर्ण टाकून ठेवल्यात, त्या बघता बघता मी यात पुरता अडकलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत स्टॉक कार रेसिंगच्या (दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या गाड्या) तीन मोठ्या सीरिज आहेत. सगळ्यात वर कप, ती रविवारी. त्याच्या खालची आधी बुश सीरिज होती, २००८ पासून नेशनवाइड, २०१५ पासून एक्सफिनिटी आणि आता २०२६ पासून ओ'रायली, म्हणजे स्पॉन्सर बदलला की नाव बदलतं, ती बहुतेक शनिवारी असते. आणि तिसरी ट्रक सीरिज, १९९५ ला सुरू झाली, त्यात पिकअप पळवतात. खालच्या दोन सीरिज कशासाठी, तर नवी पोरं तयार व्हावीत आणि ज्यांना कपमध्ये जागा मिळाली नाही अशा चांगल्या ड्रायव्हर्सना पोट भरता यावं यासाठी.

आता माझा मुद्दा. कपमधले स्टार शनिवारी खाली उतरतात आणि सगळं लुटून नेतात. कपमधल्या काइल बुशचे (बुश सीरिजच्या नावाशी त्याचा संबंध नाही) या दुसऱ्या सीरिजमध्ये १०२ विजय आहेत, एकशे दोन! त्याच्या आधीचा विक्रम मार्क मार्टिनचा ४९ होता. २०१० मध्ये एका सीझनला काइलने १३ शर्यती जिंकल्या, २०१३ ला १२, २०१६ ला १०. २००६ ते २०१० ही सलग पाच वर्षं या सीरिजची चॅम्पियनशिप कपच्या फुलटाइम ड्रायव्हरनेच नेली, हार्विक, एडवर्ड्स, बोयर, काइल बुश, केसेलोव्स्की. २००६ ला तर हार्विक ८२४ पॉइंटांनी जिंकला, दुसरा कोण तर कार्ल एडवर्ड्स, तोही कपवालाच.

मला सगळ्यात जास्त लागलं ते जस्टिन ऑलगायरचं. २०१० मध्ये ३५ शर्यती झाल्या, त्यात फक्त याच सीरिजमध्ये पूर्ण वर्ष पळणाऱ्यांपैकी जिंकला तो एकटा, तोही एकदाच, ब्रिस्टलला. वर्षाअखेर चौथा आला, त्याच्या वरचे तिघेही कपचे. आणि एवढं करून पुढच्या वर्षी त्याला पेन्स्की टीमची गाडी सोडावी लागली कारण स्पॉन्सर गेला. म्हणजे ज्यांच्यासाठी ही सीरिज आहे त्यांच्यातला सगळ्यात चांगला पोरगा घरी बसायची वेळ आली आणि ट्रॉफ्या मात्र ज्यांची कपाटं आधीच भरलीत त्यांच्याकडे गेल्या. माझं स्पष्ट मत आहे की हे चूक आहे आणि त्या १०२ ला तेवढा मान देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

वैद_नागपूर

धाग्याबद्दल धन्यवाद, विषय एकदम नवीन. पण पश्या, १०२ ला मान देऊ नये हे मला अजिबात पटत नाही. कप ड्रायव्हर सगळेच खाली उतरत होते ना? एडवर्ड्स, हार्विक, केसेलोव्स्की, केन्सेथ, हॅमलिन, लोगानो सगळे. मग १०२ फक्त काइलचेच का झाले? हार्विक ४७ वर थांबला. काइल त्या शनिवारी नुसता खालच्या पोरांना हरवत नव्हता, बरोबरीच्या चारपाच कपवाल्यांनाही हरवत होता. साडेतीनशेहून जास्त शर्यतींत १०२, म्हणजे चारातली एक. आणि २०२१ ला ठरवून शेवटच्या पाचच शर्यती घेतल्या आणि पाचच्या पाच जिंकल्या, नॅशव्हिलला शंभरावी. हे कुणालाही जमत नाही बाप्पा.

मधुरा_शार्लट

मी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटजवळ राहते, इथे हा खेळ म्हणजे शेजारपाजारचा विषय आहे. मोठ्या टीम सगळ्या इथेच, हेंड्रिक कॉनकॉर्डला, गिब्ज हंटर्सव्हिलला, पेन्स्की आणि डेल ज्युनिअरची जेआर मोटरस्पोर्ट्स मूर्सव्हिलला, सगळं अर्ध्यापाऊण तासात. मुलांच्या शाळेत कोणाचे वडील फॅब्रिकेटर, कोणाची आई टीमच्या अकाउंट्सला, असं असतं.

पश्या, तुझी कळकळ पोचली, पण मैदानात बसणाऱ्या माणसाच्या बाजूनेही बघ. मी रेसला गेले तेव्हा शनिवारच्या स्टँडमध्ये काइल बुशला हूऽऽऽ करायलाच आलेले लोक होते. तो जिंकला की वाकून नमस्कार केल्यासारखा बो करतो, त्यावर अर्धं स्टेडियम ओरडतं. तो नसेल तर यातली किती माणसं शनिवारचं तिकीट काढतील? ट्रॅकवाल्यांना स्टार हवे असतात, टीव्हीवाल्यांना हवे असतात, आणि स्पॉन्सरला तर हवेच असतात. शनिवारच्या गाडीवर मोठ्या नावाचा ड्रायव्हर आहे म्हणून जो पैसा येतो त्याच पैशावर त्या टीमची दुसरी गाडी चालते आणि त्यात नवा पोरगा बसतो. गिब्ज आणि पेन्स्की दोघांकडे हेच व्हायचं.

निळूकाका

वा, बऱ्याच दिवसांनी काहीतरी वेगळं वाचायला मिळालं. मला मोटर रेसिंगमधलं फार कळत नाही पण हा प्रश्न क्रिकेटमध्ये आपण उलट्या बाजूने मांडतो हे लक्षात आलं का? आपण ओरडतो की स्टार लोक रणजी खेळत नाहीत! जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा मुंबईकडून बीकेसीला जम्मू काश्मीरविरुद्ध खेळला तेव्हा केवढी गर्दी झाली होती. पहिल्या डावात ३, दुसऱ्यात २८, आणि जम्मू काश्मीरने मुंबईला मुंबईत हरवलं. त्या उमर नझीरला रोहितची विकेट मिळाली, तो ती आयुष्यभर सांगेल. मोठा खेळाडू खाली आला की लहानाला मोजमाप मिळतं, मग नॅसकारमध्ये हे वाईट कसं?

पश्या_सांगली

काका तुमचा मुद्दा एकदम नेमका आहे आणि त्यावरच मला बोलायचंय. रोहित रणजीला आला तेव्हा पिच तेच, बॉल तोच, बॅट साधारण सगळ्यांची सारखीच. उमर नझीरने बॉल चांगला टाकला की रोहित आऊट. नॅसकारमध्ये काइल एकटा येत नाही, तो येतो ते गिब्जची गाडी घेऊन, कपच्या इंजिनिअरांनी सेट केलेली, कपच्या लेव्हलचे पिट क्रू (शर्यतीत टायर-पेट्रोल बघणारी माणसं) घेऊन. समोर जो पोरगा आहे त्याच्या टीमकडे मोजकी माणसं, जुनं इंजिन आणि टायरचे सेट पण मोजून. यात त्या पोराला मोजमाप काय मिळणार? त्याला फक्त एवढंच कळतं की आपण दोन लॅप मागे आहोत.

चाकणकर

पश्याच्या याच मुद्द्यावर थोडं टेक्निकल. मी ऑटोमोबाईलमध्येच आहे त्यामुळे हा भाग जवळचा. ओव्हल ट्रॅकवर, त्यातही दीड मैलाच्या, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वच्छ हवा. जो पुढे आहे त्याच्या गाडीच्या नाकावर हवा सरळ येते, डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर) पूर्ण मिळतो, गाडी वळणात चिकटून राहते. मागच्याला पुढच्या गाडीने ढवळलेली हवा मिळते, पुढचा भाग हलका होतो, वळणात गाडी बाहेर सरकते, याला ते लोक टाइट होणं म्हणतात. त्यामुळे ज्याच्याकडे दोन टक्के चांगली गाडी आहे तो एकदा पुढे गेला की फरक दोन टक्के राहत नाही, फार वाढतो. त्यात पिट क्रूने एकेका स्टॉपला अर्धा सेकंद वाचवला की पुढच्या रीस्टार्टला (गाड्या हळू केल्यानंतर शर्यत पुन्हा सुरू होते तेव्हा) पुन्हा पहिली रांग आणि पुन्हा स्वच्छ हवा. म्हणून तुम्हाला स्कोअरबोर्डवर असं दिसतं की एकच माणूस जवळजवळ सगळे लॅप पुढे आहे. २०१६ चा इंडियानापोलिसचा वीकेंड बघा, काइलने शनिवार रविवार दोन्ही मारले आणि रविवारच्या कपच्या शर्यतीत १७० पैकी १४९ लॅप तोच पुढे होता! म्हणजे ज्या माणसाने कपमध्ये तसं केलं त्याच्यासमोर शनिवारच्या मैदानाची काय कथा.

पण ड्रायव्हर चांगला म्हणून की गाडी चांगली म्हणून, याचं उत्तर द्यायला माझ्याकडे एक फार सुंदर उदाहरण आहे, रायन प्रीस. कनेटिकटकडचा पोरगा, मॉडिफाइड गाड्यांचा २०१३ चा चॅम्पियन. २०१६ ला एक्सफिनिटीमध्ये पूर्ण वर्ष पळाला ते जेडी मोटरस्पोर्ट्सकडून, साउथ कॅरोलिनातल्या गॅफनीची छोटी टीम, आणि मागच्या घोळक्यातच राहिला, कोणी नावही घेतलं नाही. मग त्याने काय केलं, पुढचं पूर्ण वर्ष तसल्याच गाडीत पळण्यापेक्षा जेवढा पैसा जमवता येईल तेवढा जमवला आणि गिब्जच्या गाडीत मोजक्या शर्यती विकत घेतल्या. २०१७, पहिली शर्यत न्यू हॅम्पशायर, दुसरा आला, पहिला कोण तर काइल बुश. दुसरी शर्यत आयोवा, जिंकला. तोच माणूस, तेच हात. एका वर्षात तो काही ड्रायव्हिंग शिकून आला नव्हता, फक्त गाडी बदलली होती.

अनुजा_पुणे

बापरे, प्रीसची गोष्ट वाचून काटा आला. स्वतःचे पैसे लावून स्वतःची लायकी सिद्ध करायची म्हणजे केवढा धीर लागत असेल. आणि असे किती असतील ज्यांना तेवढे पैसे जमलेच नाहीत.

वैद_नागपूर

चाकणकर, उदाहरण जबरदस्त. पण मग त्यातून निघतं काय? की काइलने उतरू नये हे निघत नाही, की छोट्या टीमला चांगली गाडी मिळत नाही हे निघतं. काइल गेला तरी गिब्जची गाडी गिब्जकडेच राहणार ना.

मधुरा_शार्लट

वैद, बरोब्बर. आणि काइलबद्दल एक बाजू कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. त्याने २०१० ला स्वतःची ट्रक टीम काढली, काइल बुश मोटरस्पोर्ट्स, २०२३ ला विकेपर्यंत चालवली. त्यात कोण कोण शिकलं बघा, एरिक जोन्स २०१५ चा ट्रक चॅम्पियन, क्रिस्टोफर बेल २०१७ चा, विल्यम बायरनने २०१६ ला एका सीझनमध्ये ७ शर्यती जिंकल्या, बब्बा वॉलेसने २०१३ ला मार्टिन्सव्हिलला जिंकलं ते याच टीमच्या ट्रकमध्ये. आज हे सगळे कपमध्ये आहेत. काइल स्वतः त्या ट्रकमध्ये बसायचा तेव्हा स्पॉन्सर यायचा आणि ट्रक किती वेगात जायला पाहिजे हे पोरांना कळायचं, त्याच्या डेटावर ते आपला डेटा ठेवून बघायचे. जिंकून ट्रॉफी घेऊन गेला हे दिसतं, पण खाली काय ठेवून गेला तेही धरा.

पश्या_सांगली

मधुराताई, केबीएमचं मान्य, पूर्ण मान्य, त्या टीमने पोरं घडवली यात वाद नाही. पण काइलची दुसरी बाजू पण लिहायलाच पाहिजे. नोव्हेंबर २०११, टेक्सास, ट्रकची शर्यत. रॉन हॉर्नाडे हा ट्रक सीरिजचा जुना जाणता चॅम्पियन, त्या वर्षी विजेतेपदाच्या शर्यतीत होता. सुरुवातीलाच दोघांची ठोकाठोकी झाली, पिवळा झेंडा लागला, म्हणजे सगळ्यांनी हळू जायचं, आणि त्या पिवळ्या झेंड्याखाली काइलने हॉर्नाडेला मागून ढकलत नेऊन भिंतीवर घातलं. हॉर्नाडेचं ते वर्ष तिथेच संपलं. नॅसकारने काइलला उरलेल्या वीकेंडला कपसकट बसवून ठेवलं ते योग्यच केलं. पण बघा ना, ट्रक चॅम्पियनशिप काइलची नव्हतीच, त्याला त्या शर्यतीत गमवायला काही नव्हतं आणि हॉर्नाडेला सगळं होतं. दोघं एकाच ट्रॅकवर पण दोघांची शर्यत एक नव्हती. मला मुळात हेच बोचतं.

चाकणकर

गमवायला काही नव्हतं असं मात्र नाही हां. २१ फेब्रुवारी २०१५, डेटोना, एक्सफिनिटीची सीझनची पहिली शर्यत. काइलची गाडी आतल्या बाजूच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळली, तिथे ऊर्जा शोषणारी सेफर भिंत बसवलेलीच नव्हती. उजवा पाय मोडला, डावं पाऊल मोडलं, दुसऱ्या दिवशीची डेटोना ५०० धरून कपच्या ११ शर्यती गेल्या. शनिवारच्या शर्यतीपायी. त्यानंतर परत येऊन त्याच वर्षी कप चॅम्पियन झाला ते सोडा, पण शनिवारी उतरणारा काही फुकटात उतरत नाही. त्यानंतर नॅसकारने सगळ्या ट्रॅकवर सेफर भिंती वाढवल्या, त्या खालच्या पोरांच्याही जिवाच्या कामी आल्या.

निळूकाका

मग याला नियम काहीच नाहीत का? बोर्ड काय करतंय असं आपण विचारतो तसं विचारतो.

पश्या_सांगली

आहेत काका, हळूहळू आले. २०११ पासून प्रत्येक ड्रायव्हरने एकच सीरिज निवडायची, तिथेच त्याला चॅम्पियनशिपचे पॉइंट. त्यामुळे कपवाला खाली जिंकू शकतो पण खालचा चॅम्पियन होऊ शकत नाही. लगेच रिकी स्टेनहाउस २०११, २०१२ चॅम्पियन झाला, सीरिजचाच पोरगा. पण ट्रॉफ्या तशाच जात राहिल्या, इतक्या की २०१३ ला ऑस्टिन डिलन एकही शर्यत न जिंकता चॅम्पियन झाला! त्या वर्षीच्या ३३ पैकी १९ तर काइल आणि केसेलोव्स्की या दोघांनीच नेल्या होत्या. दुसरा आलेला सॅम हॉर्निश फक्त ३ पॉइंटांनी मागे राहिला.

मग २०१७ पासून कपमध्ये पाचपेक्षा जास्त वर्षं फुलटाइम काढलेल्यांना दुसऱ्या सीरिजच्या १० आणि ट्रकच्या ७ शर्यती, शिवाय प्लेऑफच्या (वर्षाअखेरच्या, चॅम्पियन ठरवणाऱ्या) शर्यतींत बंदी. २०१८ ला ते ७ आणि ५ झालं. २०२० ला दोन्हीकडे ५ आणि अट पाच वर्षांवरून तीनवर आणली. मला ते नियम आवडले, त्यामुळे २०१७ पासून बायरन, रेडिक, सिंड्रिक, बेल अशी नावं शनिवारी वर दिसायला लागली.

मधुरा_शार्लट

पण चेस एलियट २०१४ ला चॅम्पियन झाला तेव्हा हे दहा शर्यतींचे नियम नव्हते हे विसरू नको. अठरा वर्षांचा, शाळा अजून चालू होती, पहिलाच सीझन. एप्रिलमध्ये टेक्सासला जिंकला, मागे काइल बुश. पुढच्याच आठवड्यात डार्लिंग्टन, शेवटच्या रीस्टार्टला सहावा होता आणि दोन लॅपमध्ये पाच गाड्या मागे टाकून जिंकला. डार्लिंग्टन हा भिंत घासल्याशिवाय सोडत नाही असा ट्रॅक आहे. त्या दिवसांत काइल, हार्विक, केसेलोव्स्की शनिवारी सर्रास असायचे, म्हणून तर चेसच्या त्या विजेतेपदाला इथे लोक एवढं मानतात. समोर मोठे नसते तर त्याला ते वजन आलं असतं का?

आणि पुढची गंमत म्हणजे २०२० ची. काइलने ट्रकमध्ये आपण भाग घेतलेल्या सलग सात शर्यती जिंकल्या होत्या, तर हार्विकने जाहीर केलं की जो कप ड्रायव्हर ट्रकमध्ये काइलला हरवेल त्याला ५०,००० डॉलर, ट्रक सीरिजच्या स्पॉन्सर कंपनीच्या मार्कस लेमोनिसनेही तेवढेच घातले, एक लाख झाले. मे महिन्यात शार्लटला, लॉकडाऊनमध्ये, स्टँड पूर्ण रिकामे, चेस एलियट जिंकला, काइल दुसरा, आणि चेसने उतरून काइलसारखाच बो केला. आम्ही सगळे घरात टीव्हीसमोर नाचत होतो.

अनुजा_पुणे

मधुराताई गोष्ट छानच आहे, पण यात एक खटकलं. बक्षीस कोणासाठी होतं? कप ड्रायव्हरसाठी. म्हणजे ट्रक सीरिजच्या शर्यतीत ट्रक सीरिजच्या पोरांनी जिंकावं यासाठी नव्हतंच, दोन कपवाल्यांची आपापसातली लढत आणि बाकीचे आजूबाजूला पळत होते. पश्याचं म्हणणं मला यातूनच जास्त पटलं.

पश्या_सांगली

अनुजा, एकदम मनातलं बोललीस. धन्यवाद.

वैद_नागपूर

अवांतर: आपल्या नरेन कार्तिकेयनने २०१० मध्ये ट्रक सीरिज केली होती हे किती जणांना आठवतंय? नॅसकारच्या राष्ट्रीय सीरिजमध्ये उतरलेला पहिला भारतीय. पहिली शर्यत मार्टिन्सव्हिल, अर्ध्या मैलाचा ट्रॅक, एफ-वनवाल्या माणसाला पूर्ण अनोळखी, तरी १३ वा आला. ती शर्यत जिंकली कोणी? केविन हार्विकने! आणि वर्षाअखेर ट्रक सीरिजचा सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून कार्तिकेयनला पुरस्कार मिळाला, भारतातून लोकांनी ढिगाने मतं दिली होती.

निळूकाका

वैदसाहेब हे माहीत नव्हतं, फार आनंद झाला. कोइंबतूरचा पोरगा, मी त्याच्या एफ-वनमधल्या जॉर्डन टीमच्या दिवसांपासून बघतोय.

चाकणकर

परत मूळ मुद्द्याकडे येतो कारण अजून एक नाव राहिलं, रॉस चॅस्टेन. हाही जेडी मोटरस्पोर्ट्सचाच, फ्लोरिडाच्या कलिंगड पिकवणाऱ्या घरातला. वर्षानुवर्षं त्या छोट्या गाडीत पंधरावा विसावा येत राहिला, जे त्या गाडीत खरंतर फार भारी होतं, पण टीव्हीवर कोण दाखवणार. २०१८ ला त्याला चिप गनासीच्या ४२ नंबरच्या गाडीत तीन शर्यती मिळाल्या. डार्लिंग्टनला पोलवरून, म्हणजे पहिल्या नंबरवरून, सुटला, ९० लॅप पुढे राहिला, समोर कोण तर हार्विक, दोघं घासले आणि चॅस्टेनची गेली. दोनच आठवड्यांनी लास वेगासला जिंकला. आज कपमध्ये शर्यती जिंकतोय. मी जे म्हणतोय ते असं की काइल, हार्विक यांना पाच शर्यती द्या की दहा द्या, त्याने चॅस्टेनला ती ४२ नंबरची गाडी लवकर मिळाली असती का? ती जागा कोणाला मिळणार हे ठरतं पैशावर. आता शनिवारी बसणारे बरेच जण पैसे आणूनच बसतात, घरचे किंवा स्पॉन्सरचे.

आणि आत्ताचं बघा ना. कपवाले कमी झाले तर शनिवार सगळ्यांसाठी मोकळा झाला का? २०२५ ला कॉनर झिलिश या एकोणीस वर्षांच्या पोराने १० शर्यती जिंकल्या, ट्रकमध्ये कोरी हाइमने १२ जिंकल्या. पोरं प्रचंड गुणी आहेत, शंका नाही, पण गाड्या कोणाच्या? जेआर मोटरस्पोर्ट्स, ट्रायकॉन, सगळ्यात तगड्या टीम. झिलिश मे महिन्यात पाठीच्या दुखापतीमुळे टेक्सासला नव्हता तर त्याच ८८ नंबरमध्ये काइल लार्सन बसला आणि तोही जिंकला. ड्रायव्हर बदलला, गाडी तीच.

पश्या_सांगली

चाकणकर, इतके दिवस मी ड्रायव्हरवर राग धरून होतो आणि तुम्ही गाडीकडे बोट दाखवताय, ते मला पटतंय पण त्यात मला अजून थोडं घालायचंय. गाडी हाच मुद्दा असेल तर नियम गाडीवर करा ना. समजा गिब्ज, पेन्स्की, हेंड्रिक, चिल्ड्रेस यांच्याशी जोडलेल्या गाडीत कपचा जुना ड्रायव्हर बसूच शकत नाही, पण छोट्या टीमच्या गाडीत पाहिजे तेवढ्या शर्यती कर असं केलं तर? लार्सनसारखा माणूस त्या गॅफनीच्या टीमसारख्या एखाद्या छोट्या शेडमधल्या गाडीत बसला तर त्या टीमला स्पॉन्सर येईल, टीव्हीवर दिसेल, त्यांच्या मेकॅनिकना कळेल की आपली गाडी कुठे कमी पडते. निळूकाकांना जे रणजीत दिसलं ते मग खरोखर होईल. आणि त्या टीमच्या नेहमीच्या ड्रायव्हरला सोमवारी डेटा बघून कळेल की याच गाडीतून वळण ४ ला लार्सनने किती काढलं आणि मी किती काढलं. मोठ्या टीमच्या गाडीत बसून जिंकण्यापेक्षा ते मला शंभरपट मोठं वाटेल, आणि तसे १० विजय कोणी आणले तर मी १०२ च्या वर मांडेन.

मधुरा_शार्लट

कल्पना मनापासून आवडली पण पैसे कोण देणार? लार्सनचा करार हेंड्रिक आणि शेव्हीशी, तो टोयोटाच्या छोट्या गाडीत बसू शकत नाही, स्पॉन्सरची भांडणं होतील, इन्शुरन्सचा प्रश्न. आणि छोटी गाडी मोडली तर त्या टीमचे पुढचे दोन वीकेंड गेले. माझ्या ओळखीतले एकजण अशाच छोट्या टीममध्ये काम करायचे, ते सांगायचे की डेटोनाला गाडी मोडली की महिनाभर पगार उशिरा. त्यापेक्षा बक्षिसाची रक्कम आणि टीव्हीचा पैसा खालच्या टीमना जास्त वाटा, त्याने फरक पडेल.

वैद_नागपूर

मधुराशी सहमत. आणि छोट्या टीमने मोठ्यांना हरवल्याची उदाहरणं आहेत, ती तुम्ही कोणी काढली नाहीत. २००६, केंटकी, डेव्हिड गिलिलँड, कोणाला नाव माहीत नाही, टीम कोणाला माहीत नाही, समोर कपवाले उभे, आणि जिंकला! त्या एका शर्यतीवर त्याच वर्षी त्याला कपमध्ये रॉबर्ट येट्सची गाडी मिळाली. त्या दिवशी मैदानात कपवाले नसते तर येट्सने त्याला बोलावलं असतं का? पश्या, याचं उत्तर दे.

पश्या_सांगली

नसतं बोलावलं. हा मुद्दा तुमचाच, वैद. पण असा गिलिलँड कितीदा झाला हेही बघा, आणि दर शनिवारी त्याच्यासारखे जे मागे राहिले त्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायला पाहिजे, म्हणून मी बोलत राहणार.

ऑलगायरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तो सोडून गेला नाही. टीम बदलल्या, दोन वर्षं कपमध्ये छोट्या गाडीत काढली, परत खाली आला, जेआर मोटरस्पोर्ट्समध्ये वर्षानुवर्षं चॅम्पियनशिपच्या दारापर्यंत जाऊन हुकला, आणि नोव्हेंबर २०२४ ला फिनिक्सला ३८ व्या वर्षी चॅम्पियन झाला. तेही रीस्टार्टला पेनल्टी लागून मागे गेल्यावर परत पुढे येऊन.

अनुजा_पुणे

पश्या, मी आत्तापर्यंत एकही नॅसकारची शर्यत पाहिलेली नाही पण हा धागा वाचून बघायची आहे. एकच सांग, कुठून सुरू करू?

पश्या_सांगली

अनुजा, मार्च २०२५, होमस्टेड, शनिवारची. लार्सन त्या वीकेंडला तिन्ही सीरिज जिंकायला आला होता, शुक्रवारचा ट्रक जिंकला, रविवारचं कपही जिंकलं. शनिवारी निम्म्याहून जास्त लॅप तोच पुढे आहे, सगळ्यांनी धरून चाललंय की संपलं. मग उशिरा पिवळा झेंडा लागतो, रीस्टार्ट होतो, लार्सन गर्दीत अडकतो. जिंकतो ऑलगायर. पूर्ण बघ, पुढे ढकलू नकोस, मधल्या लॅपमध्ये ऑलगायर टायर कसे सांभाळतो ते बघितलंस तर शेवट कळेल.

चाकणकर

आणि ते झाल्यावर २०१७ ची आयोवाची प्रीसवाली बघ.